खाली हॉटेल, वर मालक

गाळ्याचे कागद हातात आले त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे बराच वेळ पाहत होतो. चेहरा तोच होता, पण त्याच्यामागे आता स्थावर मालमत्ता उभी होती. ज्याची उमेदीची वर्षं विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या जळालेल्या, बुडालेल्या आणि चोरीला गेलेल्या मालमत्तेचे दावे तपासण्यात गेली, त्याला स्वतःची मालमत्ता झाली की असं होतं.

गाळा आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, बरोबर आमच्या घराखाली. कल्पना माझ्या मेहुण्याची. हा मेहुणा स्वतः भाड्याच्या घरात राहतो आणि लोकांना मालमत्तेविषयी सल्ले देतो. "दाजी, बँकेत पैसा झोपतो," तो म्हणाला, "गाळ्यात पैसा जागा राहतो." पैशाबरोबर मालकही जागा राहतो, हे त्याने सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नसावं.

गाळा घेतला, आता भाडेकरू कोण? हा प्रश्न मी फक्त बायकोला विचारला होता, पण उत्तरं अख्ख्या इमारतीने दिली. कोणी म्हणालं औषधांचं दुकान, कोणी म्हणालं शिंपी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तिथे पार्लर हवं होतं आणि त्यांच्या यजमानांना काहीही चालणार होतं, फक्त पार्लर नको. शेवटी कमिटीच्या अध्यक्षांनी विषय हातात घेतला. अध्यक्ष आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पूर्वी ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि अजूनही जिन्यात कोणी भेटलं की आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघतात.

"शेजारच्या इमारतीखाली काय आहे?" त्यांनी मला जिन्यातच गाठून विचारलं. "टायरचं दुकान. पलीकडे? लोखंडी खिळे. आपल्याखाली एखादं चांगलं हॉटेल येऊ द्या, मग बघा फ्लॅटचे भाव! हल्ली लोक घर बघायला येतात तेव्हा आधी विचारतात, खाली उतरल्यावर खायला काय मिळतं?"

हे सगळ्यांना पटलं. पार्लरवाल्या काकूंनाही पटलं. हॉटेल यावं असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात झाला. माझ्या गाळ्याविषयी ठराव करण्याचा कमिटीला अधिकार काय, असं मला विचारायचं होतं. पण टाळ्या वाजत असताना हरकत घेणं मला जमत नाही.

आणि मग ती आली. दंडापर्यंत बाह्या सरसावलेली, खणखणीत आवाजाची, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. दोन हॉटेलांत आचारी म्हणून काम केलेलं, आता स्वतःचं काढायचं होतं. भाडेकरूला विचारायचे प्रश्न मी पाठ करून ठेवले होते. तिने मला एकही विचारू दिला नाही. भिंती ठोकून पाहिल्या. मोरीच्या जाळीशी वाकून वास घेतला. मग मला म्हणाली, "त्या कोपऱ्यात उभे राहा आणि ओरडा."

"काय ओरडू?"

"काहीही. गिऱ्हाईक भांडायला लागलं तर किती घुमतं ते बघायचंय."

मी कोपऱ्यात उभा राहून "नमस्कार!" असं ओरडलो. स्वतःच्या मालकीच्या जागेत मी दिलेली ही पहिली आरोळी.

"चालेल," ती म्हणाली. "आता सांगा, तुम्ही नुसतं भाडं घेणारे मालक की लक्ष घालणारे?"

"लक्ष घालणारा," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"मग जरा कमी घाला," ती म्हणाली आणि करारावर सही करून टाकली.

पहिला धक्का नगरपालिकेच्या साहेबांनी दिला. साहेब परवान्यासाठी जागा बघायला आले, छताकडे बघत उभे राहिले आणि अगदी सहज म्हणाले, "धूर कुठे जाणार?"

"वर," मी म्हणालो.

"वर कुठे?"

मी छताकडे बघितलं. अध्यक्षही मुद्दाम आले होते, त्यांनीही बघितलं. भाडं, रंग, पाटी, सगळ्याचा विचार झाला होता. धुराचा कोणीच केला नव्हता. साहेबांनी समजावून सांगितलं की धुराचं तोंड गच्चीच्या वर निघालं पाहिजे. इमारतीच्या मागच्या अंगाला सगळ्या बाथरूमना लागून एक अरुंद डक्ट गच्चीपर्यंत जाते. पाइप त्यातून नेता येईल. पण ही डक्ट सुरू होते पहिल्या मजल्यावर, म्हणजे आमच्या घराच्या पाठीमागच्या बाजूला, आणि गाळ्याचं स्वयंपाकघर आहे पुढच्या बाजूला.

"म्हणजे पाइप मधल्या घरातून न्यावा लागेल," साहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या घरातून न्यायचा तर त्याची परवानगी लागते."

"आणि स्वतःच्या घरातून?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग कसली अडचण?"

सगळे माझ्याकडे बघून प्रसन्नपणे हसले.

अशा रीतीने पत्र्याचा एक गलेलठ्ठ पाइप आमच्या बाल्कनीतून वर आला, खिडकीची काच काढून बेडरूममध्ये शिरला, पलंगावरून छताखालून आडवा गेला आणि समोरची भिंत फोडून डक्टमध्ये गुप्त झाला. मिस्त्री काम संपवून गेला तेव्हा बायको कामावरून आली. ती दारातच थांबली.

"अहो, हे काय?"

"पाइप."

"पाइप मोरीत असतो. हा रणगाडा आहे."

"तात्पुरतं तसं वाटतंय," मी म्हणालो. "सवय होईल."

बायकोने पलंगावर उभं राहून पाइपवर बोटाने टकटक केलं, आतून खालच्या भांड्यांचा आवाज आला, आणि मग तिने आपल्या भावाला फोन लावला. त्या फोनवर जे बोलणं झालं त्यातलं मी फक्त "जागा राहतो ना पैसा? मग ये आणि झोप इथे!" एवढंच लिहू शकतो.

हॉटेल उघडायच्या आधी खाली रोज पदार्थ करून बघणं चाले, आणि ते सुरू झालं की पाइप गुणगुणायला लागायचा. पंख्याचा वेग वाढला की कपाटाची दारं आपोआप उघडायची. तरी बायकांच्या व्यवहारज्ञानाला तोड नाही. आठवड्याच्या आत तिने ताडलं की पाइप कोमट असतो, आणि त्यावर मोजे वाळत घालायला सुरुवात केली. माझ्या मालमत्तेचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ.

हॉटेल उघडलं. पाटी लागली, दिवे लागले. सूप, भाजलेली कोंबडी, तळलेले मासे, लोणी लावलेला पाव, असा साधाच बेत. पण पहिल्याच दिवशी टेबलं भरली. मी घरी बसून पाइपच्या गुणगुणण्याकडे कौतुकाने कान देत होतो. एवढ्यात दाराची बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ. शर्टाच्या कॉलरमध्ये रुमाल खोचलेला, चेहऱ्यावर विलक्षण घाई.

"इथेच ना?" त्यांनी विचारलं.

"काय इथेच?"

"खालच्या बाई म्हणाल्या, वर मालकांकडे जा."

ते माझ्या बाजूने आत शिरले आणि सरळ बाथरूमकडे गेले. मी धाडधाड खाली उतरलो. मालकीणबाई कढईसमोर होती. हो, एव्हाना सगळे तिला मालकीणबाई म्हणायला लागले होते आणि मला 'वरचे' म्हणायचे.

"हा काय प्रकार आहे?"

"गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह मालकाने बांधून द्यायचं, असं ठरलंय," ती झारा न थांबवता म्हणाली. "तुमचा प्लंबर आला नाही. मी माणसांना काय सांगू? धरून ठेवा?"

प्लंबर खरोखरच आला नव्हता. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला, आणि तेवढा काळ आमचं घर सार्वजनिक झालं. मी कामावरून परत यावं तर माझ्याच सोफ्यावर दोन बायका आणि एक मिशाळ इसम ओळीने बसलेले. "तुमचा नंबर आमच्यानंतर," असं त्यातल्या एकीने मला बजावलं. मी मान हलवली आणि उभा राहिलो. माणूस स्वतःच्या घरात रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं, हे शब्दांत सांगणं कठीण आहे. माझ्या मनात एवढंच आलं की निदान मिशाळ इसमाच्या आधी तरी मला सोडावं.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. माझे वडील आमच्याकडेच असतात. ते कोर्टात कारकून होते आणि पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचे. भरलेल्या आवारात त्यांचा आवाज फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या वकिलापर्यंत पोचायचा. पण आई गेल्यापासून तो आवाज बसला होता. घशाला काही झालं नव्हतं. बोलायचंच बंद झालं होतं. जेवण ताटात येईल तेवढं खायचं, खिडकीपाशी बसायचं, विचारलं तर "बरं आहे" म्हणायचं. आम्ही डॉक्टर केले, टॉनिक दिलं, नवा रेडिओ आणला. "बरं आहे" पलीकडे गाडी गेली नव्हती.

आणि एक दिवस मी दार उघडतो तर काय, बाबा सोफ्यावर, दोन्ही बाजूंना वाट बघणारी गिऱ्हाइकं, आणि बाबा उलटतपासणी घेताहेत.

"सूप घेतलंत? कोणतं? मीठ?"

"जरा कमी वाटलं, आजोबा."

"कमी की अजिबात नाही? नीट आठवून सांगा."

त्या माणसाने नीट आठवून सांगितलं. बाबा उठले, चपला घातल्या आणि आम्ही बघतोय तोवर जिना उतरून खाली गेले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी आणि बायको कठड्यावरून वाकून ऐकत होतो. खालून बाबांचा आवाज आला, "बाई, तुमच्या सुपाविरुद्ध तक्रार आहे!" आणि मग मालकीणबाईंचा, "आत या काका, चाखून सांगा."

बायकोने माझा दंड घट्ट धरला.

शेवटी प्लंबर आला, खालची सोय झाली, आमचं घर पुन्हा आमचं झालं. आता सुखाचे दिवस, असं मला वाटलं. माझ्या वाटण्याचा आणि घडण्याचा काही संबंध नसावा.

एका सकाळी अध्यक्ष टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत दारात उभे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना गणवेशावरून बोल लावले तो असा यावा, यावरून प्रकरण गंभीर असणार हे मी ओळखलं.

"मी अंगाला साबण लावतो," ते थरथरत म्हणाले, "आणि मला भूक लागते!"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बाथरूममध्ये मासे तळताहेत!"

झालं होतं ते असं, की डक्टमधल्या पाइपचे सांधे ढिले पडले होते आणि डक्टला तर प्रत्येक मजल्याची बाथरूमची खिडकी. दुसऱ्या मजल्यावर मासे, तिसऱ्यावर कोंबडी, चौथ्यावर पोचेपर्यंत सगळ्याची मिसळण. काकूंचे यजमान आंघोळ करून ऑफिसला गेले तर शेजारचा कारकून म्हणाला, "आज लवकर जेवून आलात?" कोणाच्या नव्या पडद्यांना तळणाचा वास लागला होता, कोणाचा सासरा पथ्यावर होता. शिवाय संध्याकाळी हॉटेलपुढे रांग, रांगेत गाड्या, गाड्यांचे भोंगे. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच आता मला जिन्यात अडवून विचारायला सुरुवात केली, "काय हो, इथे हॉटेल आणायचं सुचलं तरी कसं तुम्हाला?"

मी सांधे बसवून घेतले, चौथ्या प्रयत्नात वासही थांबला, पण माणसांच्या नाकात एकदा बसलेला वास जात नाही. सभा बोलावली गेली. विषय एकच: हॉटेल हटवा.

सभेच्या आदल्या दिवशी, बुडत्या प्रतिष्ठेला जरा टेकू द्यावा म्हणून, मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांना दुपारी जेवायला घेऊन आलो. "माझाच गाळा," असं मी गाडीत दोनदा म्हणालो. हॉटेलपुढे ही गर्दी. आणि दारात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काखेत वही धरून, ताठ उभे होते माझे वडील.

"हिरवा शर्ट, दोन माणसं! हिरवा शर्ट, हाजिर हो!" बाबांनी पुकारा केला. शेजारच्या इमारतीखालचा टायरवाला दचकून बाहेर आला. हिरवा शर्ट धावत आत गेला.

बाबा रोज खाली सूप प्यायला जातात एवढंच मला ठाऊक होतं.

"बाबा! हे काय?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ओळखीची खूण अगदी पुसटशी. कोर्टात नातेवाईक दिसला तर ते असंच करायचे. "किती माणसं?"

"दोन. पण बाबा, मी मालक आहे!"

"मालकीणबाई आत आहेत. नंबर लागेल तेव्हा बोलावतो. उन्हात उभे राहू नका."

साहेबांनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

मी "हो" म्हणालो. सविस्तर सांगायचं धैर्य झालं नाही. थोड्या वेळाने "विमा कंपनी, दोन माणसं, हाजिर हो!" असा पुकारा झाला आणि आम्ही आत गेलो. साहेबांना मासे फार आवडले. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

घरी येऊन मी पलंगावर, पाइपखाली, आडवा झालो. माझे वडील माझ्याच भाडेकरूकडे नोकरीला! नातेवाईक काय म्हणतील? पोराने म्हाताऱ्याला दारात उभं केलं, असंच म्हणतील. मी ठरवूनच टाकलं. सभेत स्वतःहून सांगायचं, हॉटेल काढतो. इमारत खूश, बाबा घरात, आपण सुटलो.

"बाबांना विचारलंत?" बायकोने मोजे काढता काढता विचारलं.

"त्यांना काय विचारायचं? ते 'बरं आहे' म्हणतील."

सभेला सगळे हजर होते. अध्यक्षांनी वासाचा, गाड्यांचा आणि भोंग्यांचा पाढा वाचला. मी लिहून आणलेला कागद घेऊन उभा राहिलो आणि खाकरून म्हणालो, "सर्वांच्या भावनांचा मान राखून, मी भाडेकरूला नोटीस—"

"हरकत आहे," मागून आवाज आला.

सगळे वळले. बाबा उभे होते. कामावरून तसेच आलेले. पांढऱ्या शर्टावर सुपाचा एक थेंब.

"तुम्ही कोणातर्फे बोलताय?" अध्यक्षांनी गोंधळून विचारलं.

"माझ्यातर्फे. मी तिथे नोकरीला आहे." खोलीत कुजबुज झाली. बाबा थांबले, कुजबुज संपू दिली. "ही गेल्यापासून," ते म्हणाले, आणि माझ्या आईचा उल्लेख त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा केला, "मला सगळे विचारतात, जेवलात का, औषध घेतलंत का, झोप लागली का. पोरगा विचारतो, सूनबाई विचारते. चांगली आहेत दोघं, माझी काही तक्रार नाही. पण त्या बाईंनी मला विचारलं, काका, उद्या किती वाजता येणार? उद्याचं मला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही हॉटेल बंद करा, अधिकार असेल तर करा. मग मला कोणीतरी सांगा, उद्या सकाळी उठून मी शर्टाला इस्त्री कशासाठी करू?"

ते खाली बसले. मी उभाच होतो. हातातला कागद मी घडी करून खिशात घातला, मग परत काढला, मग पुन्हा घातला. बायको पदराने डोळे टिपत होती. काकूंचे यजमान उगीचच पंख्याकडे बघत होते.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले आणि लाल झाले, "एक गोष्ट सांगायची राहिली." त्यांनी आपला फ्लॅट विकायला काढला होता. कोणालाच माहीत नव्हतं. काल एक जोडपं घर बघायला आलं. घरात त्यांनी पाच मिनिटंही लक्ष घातलं नाही. खिडकीतून खाली बघून बाई नवऱ्याला म्हणाली, अहो, हेच ते हॉटेल, जिथे आजोबा पुकारतात! आणि अध्यक्षांनी भीत भीत सांगितलेल्या किमतीला त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या फ्लॅटचे चौरस फूट मोजत होता. ठराव मागे घेतला गेला. टाळ्यांच्या कडकडाटात, हे सांगायला नकोच.

पुढे कराराचं नूतनीकरण आलं. मी ठरवलं होतं की आता मात्र मालकासारखं वागायचं. हॉटेल तुफान चालतंय, भाडं वाढवून मागायचं, आणि पाइपबद्दल वेगळं काहीतरी. बायकोला बरोबर घेतलं, दुपारच्या आणि संध्याकाळच्या गर्दीमधल्या निवांत वेळी खाली गेलो. खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. मालकीणबाई आतून हात पुसत आली, पण समोरची खुर्ची तिने घेतली नाही. ती बाबांसाठी मागे ओढली.

"भाड्याचं माझ्या वतीने काका बोलतील," ती म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही."

बाबा बसले. चष्मा पुसला, घातला.

"बाबा, तुम्ही माझे वडील आहात," मी म्हणालो.

"ते घरी," बाबा म्हणाले. "बोला, काय म्हणणं आहे आपलं?"

मी माझं म्हणणं मांडलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग उत्तर द्यायला सुरुवात केली. प्लंबर किती उशिरा आला, मोरीची जाळी अजून तीच आहे, पावसाचं पाणी मागच्या भिंतीतून कुठे झिरपतं, मालक घरात मोजे कशावर वाळवतात आणि त्या उष्णतेचं त्यांनी आजवर काय दिलं, सगळं क्रमवार, एकही शब्द न अडखळता. हा मोज्यांचा मुद्दा त्यांना कोणी पुरवला म्हणून मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

भाडं वाढलं नाही. जाळी नवी बसवायची माझ्याकडे आली. मी सही केली, आणि बाबांनी कागद उचलून, माझी सही उजेडात धरून, खरी असल्याची खात्री करून घेतली.

"मग, चहा घेऊ या का जरा निवांत?" मी विचारलं. खरं तर मला त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ बघायचं होतं.

बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे, आणि खुर्ची सरकवून उभे राहिले.

"बाहेर माणसं ताटकळली आहेत," ते म्हणाले. "आपलं काम झालं असेल तर टेबल सोडा."

आम्ही सोडलं.